छोट्या ऑफिसचा पहिला फाइल सर्व्हर: खरेदीआधी काय ठरवायचं आणि लावल्यावर काय करायचं

सात माणसं, सात कॉम्प्युटर आणि एकाच बंगल्याच्या आराखड्याच्या नऊ प्रती. सांगलीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ही अवस्था होती. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दोन व्हॉट्सॲपवर, एक मॅडमच्या लॅपटॉपवर, बाकीच्या कुठे कुठे. एके दिवशी ठेकेदाराने जुन्या प्रतीवरून पायाची आखणी केली आणि दोन कॉलम नऊ इंच सरकले. खड्डे बुजवून नव्याने खणावे लागले. त्या संध्याकाळी मला फोन आला, “एक सर्व्हर बसवून द्या. कितीला पडेल?”

किमतीचा प्रश्न शेवटचा आहे, आणि बहुतेक लोक तो पहिला विचारतात. मी उलट विचारतो: समजा उद्या सकाळी ऑफिस उघडलं आणि एकही फाइल नाही. तर पहिली कोणती फाइल हवी, ती किती वेळात हवी, आणि कालच्या तारखेची चालेल की तासाभरापूर्वीचीच हवी? कुठली पेटी (म्हणजे सगळ्यांच्या फाइली एकाच जागी ठेवणारं सर्व्हरचं यंत्र), किती डिस्क, कसला बॅकअप हे सगळं या उत्तरांवरून ठरतं. म्हणून या लेखातला क्रमही तसाच आहे. दुकान मध्यावर येतं.

पहिला दिवस: कागद, पेन आणि दोन आकडे

प्रत्येक प्रकारच्या कामासमोर दोन आकडे लिहा. किती वेळाचं काम पुन्हा करावं लागलं तरी चालेल, आणि ते काम किती वेळ बंद राहिलेलं चालेल. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात चालू नकाशांसाठी उत्तर आलं, “दोन तासांचं गेलं तर पुन्हा काढू, पण दुपारपर्यंत काम सुरू झालंच पाहिजे.” साइटचे जुने फोटो आठवडाभर नाही मिळाले तरी कुणाचं अडत नव्हतं. टॅलीचं काम एक दिवसाचं पुन्हा भरता येईल, त्याहून जास्त नाही.

हे आकडे मालकाने सांगायचे असतात, कॉम्प्युटरवाल्याने नाही. “काहीच जाता कामा नये” हे उत्तर ऐकू आलं तर पुन्हा विचारा, कारण प्रत्येक कमी केलेल्या तासाला पैसे लागतात.

याच कागदावर कायद्याने किती वर्षं काय जपायचं तेही लिहा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशोबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा, अशी दुरुस्ती नियमांत २०२२ साली झाली. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या. तुमची फर्म भागीदारीची असो की एकट्याची, तुम्हाला नेमकं काय लागू आहे हे आपल्या सीएंना एकदा विचारून घ्या.

डेटा मोजा, अंदाज बांधू नका

“आमचा डेटा फार नाही हो, असेल शे-दोनशे जीबी.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की सरळ मोजायलाच बसतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर विनडिरस्टॅटसारखं (WinDirStat) मोफत साधन चालवा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर विसरू नका, खरं काम तिथेच दडलेलं असतं. ऑफिसच्या कामाचे फोटो ज्यांच्या फोनवर आहेत तेही धरा.

सांगलीच्या त्या ऑफिसात बेरीज १.९ टीबी आली. त्यातलं साधारण ६०० जीबी एकाच फाइलच्या अनेक प्रती. उरलं १.३ टीबी. गेल्या वर्षीच्या फोल्डरांवरून वाढ काढली तर वर्षाला ३०० जीबी. पाच वर्षांची वाढ १.५ टीबी, म्हणजे एकूण २.८ टीबी. डिस्क ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही, या हिशोबाने लागते ३.५ टीबी.

“मग ४ टीबीची डिस्क पुरेल!” इथेच गाडी घसरते. डिस्क बनवणारे टीबी दहाच्या पटीत मोजतात आणि विंडोज दोनच्या पटीत, त्यामुळे ४ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ३.६३ टीबी दिसते. त्यात पुढे सांगतोय त्या स्नॅपशॉट्सना, म्हणजे ठरावीक वेळी टिपून ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या अवस्थांना, वेगळी जागा लागते. आम्ही ६ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, प्रत्येकी ५.४५ टीबी दिसणाऱ्या.

फोल्डरचा आराखडा आणि कोण काय पाहणार

हे काम खरेदीच्या आधी कागदावरच करा. यंत्र घरी आल्यावर घाईत केलेली फोल्डररचना पुढची पाच वर्षं पाठ सोडत नाही.

वरच्या पातळीवर पाच-सहापेक्षा जास्त शेअर फोल्डर नकोत. आमच्याकडे ठरले ते असे: चालू कामं, संपलेली कामं, हिशोब, कर्मचारी, स्कॅन आणि नमुने. ‘चालू कामं’मध्ये प्रत्येक कामाला क्रमांक: २०२४-०१७ असा, वर्ष आधी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. त्याखाली पत्रव्यवहार, नकाशे, महापालिका, साइट फोटो. नकाशाच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात वापरायचा नाही, असा त्या ऑफिसात नियमच केला. ठेकेदाराला जाणाऱ्या प्रती एकाच ‘साइटला दिलेले’ या फोल्डरात, आणि त्या फोल्डरात लिहिण्याचा अधिकार फक्त मॅडमना. कॉलम सरकण्याच्या दुखण्यावर खरा इलाज हाच होता.

अधिकार माणसाला नाही, गटाला द्या. ‘नकाशे’ गट, ‘हिशोब’ गट, ‘मालक’ गट. नवा मुलगा कामाला लागला की त्याला गटात टाकायचं, सोडून गेला की खातं बंद करायचं. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. सगळ्यांसाठी एकच ‘ऑफिस’ खातं ठेवलं, तर परवाच्या शनिवारी फोल्डर कुणी उडवला ते कधीच कळत नाही. पगाराचा फोल्डर आणि घर बांधून घेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या प्रती तर गरज असेल त्यालाच दिसाव्यात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशी कागदपत्रं उघड्यावर ठेवणं आणखीच महागात पडू शकतं.

मराठीत नावं देणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण ती इंग्रजी माहितीपुस्तिकांत कोपऱ्यात कुठेतरी असते. बाजारातली बहुतेक नॅस यंत्रं (नेटवर्कला जोडून फाइली ठेवणाऱ्या तयार पेट्या) लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘महानगरपालिका बांधकाम परवानगी’ हे तीन शब्दच ८० बाइट खातात. त्यापुढे घरमालकाचं पूर्ण नाव, गट नंबर, गाव, तालुका लिहिला की मर्यादा संपली. विंडोजवर ती फाइल सुखाने नांदत असते, कारण तिथलं मोजमाप वेगळं आहे. सर्व्हरवर कॉपी करताना मात्र अडते. सिनॉलॉजी या कंपनीच्या पेटीतल्या एन्क्रिप्ट केलेल्या (किल्लीने कुलूपबंद) शेअर फोल्डरात तर ही मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे ४७ चिन्हं. म्हणून मराठी नावं जरूर द्या, पण आटोपशीर द्या. शेअर फोल्डरचं मूळ नाव मात्र रोमन अक्षरांत, छोटं आणि मोकळी जागा न सोडता ठेवा. जुनी झेरॉक्स-स्कॅनर यंत्रं मराठी नावाचा शेअर ओळखत नाहीत.

आता यंत्र

तीन रस्ते आहेत.

पहिला, ऑफिसातल्याच एका विंडोज कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर करणं. दोन-तीन माणसांना तात्पुरतं चालतं. पण तो कॉम्प्युटर ज्याचा आहे तो संध्याकाळी तो बंद करून जातो आणि कुणीतरी त्यावरच अनोळखी मेल उघडतो. साध्या विंडोजला एका वेळी २० जोडण्यांचीच परवानगी आहे. शिवाय विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा जुनं यंत्र त्यासाठी बाजूला काढलं असेल तर विचार बदला.

दुसरा, तयार नॅस पेटी. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टर अशी नावं दुकानात ऐकाल. ब्राउझरमधून सगळी मांडणी करता येते, वीज कमी लागते, आवाज कमी असतो. ज्या ऑफिसात कॉम्प्युटरचं बघणारा माणूस पूर्णवेळ नाही, त्यांनी हाच रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा, एखाद्या चांगल्या कॉम्प्युटरवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली बसवणं. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम लागते. त्यातली झेडएफएस ही फाइलप्रणाली मला मनापासून आवडते, कारण ती प्रत्येक तुकड्याची बेरीज जपते आणि डिस्कने चुकीचं वाचून दिलं तर ओळखते. पण हा रस्ता ज्याला सांभाळायला माणूस आहे त्यानेच घ्यावा. पुतण्याने हौसेने बसवून दिलं आणि पुतण्या बंगळूरला नोकरीला गेला, अशी दोन ऑफिसं मी सोडवली आहेत.

तयार पेटी घेताना तीन गोष्टी बघा. स्नॅपशॉटची सोय आहे ना, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइलप्रणाली चालते ना, आणि त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट अजून किती वर्षं मिळणार आहेत. दोन डिस्कची पेटी दहा माणसांच्या ऑफिसला बहुधा पुरते. व्हिडिओ किंवा थ्रीडीचं काम असेल तर चार डिस्कची घ्या.

टॅलीबद्दल वेगळं सांगायला हवं. टॅलीचा डेटा म्हणजे १०००० सारख्या आकडी नावाच्या फोल्डरातल्या असंख्य लहान फाइली. त्यांच्यात सतत लिहिणं-वाचणं चालतं आणि मध्येच नेटवर्क तुटलं तर डेटा बिघडण्याचा धोका असतो. मी तो टॅली चालते त्या विंडोज यंत्रावरच ठेवतो आणि रोज संध्याकाळी त्याचा बॅकअप नॅसवर घेतो. आतापर्यंत या मांडणीने दगा दिलेला नाही.

डिस्क आणि रेड

डेस्कटॉपची स्वस्त डिस्क नॅसमध्ये घालू नका. चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या डिस्क वेगळ्या मिळतात: सीगेटची आयर्नवुल्फ, तोशिबाची एन३००, वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस. विकत घेताना ‘सीएमआर’ (नोंदी शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का ते विचारा. दुसरा प्रकार ‘एसएमआर’. त्यात छपरावरच्या कौलांसारख्या नोंदी एकावर एक सरकवलेल्या असतात, त्यामुळे मधली एक बदलायची तर शेजारच्याही नव्याने लिहाव्या लागतात. बदललेली डिस्क पुन्हा भरून काढताना हा प्रकार अतिशय मंद होतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या नॅससाठीच्या रेड मालिकेतल्या काही २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून मॉडेल नंबर कागदावर लिहून नेल्याशिवाय मी दुकानात जात नाही.

दोन डिस्क शक्यतो दोन वेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क एकाच सुमारास आजारी पडू शकतात.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत, वरच्या ‘रेड’ नावाच्या डिस्कशी तिचा संबंध नाही. दोन डिस्कना ‘रेड १’ लावा: दोन्हींवर तेच लिहिलं जातं, एक मेली तरी काम चालू राहतं. चार डिस्क असतील तर ‘रेड ५’मध्ये तिघींची जागा मिळते आणि एक मेलेली सोसते, ‘रेड ६’मध्ये दोघींची जागा मिळते आणि दोन मेलेल्या सोसतात. मोठ्या डिस्कची भरपाई व्हायला दिवस-दिवस लागतो आणि त्या काळात उरलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण असतो, म्हणून चार मोठ्या डिस्क असतील तर मी ‘रेड ६’ सुचवतो.

रेड लावलं म्हणजे बॅकअप झाला, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. रेड फक्त डिस्क मेल्यावर उपयोगी पडतं. कुणी फोल्डर उडवला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे केल्या. पेटीच चोरीला गेली तर विषयच संपला.

जागा, वीज, तारा

पेटी जमिनीवर ठेवू नका. सांगलीत हे सांगावं लागत नाही. २००५ आणि २०१९ चं कृष्णेचं पाणी ज्यांनी दुकानात पाहिलंय ते स्वतःच आधी विचारतात की किती उंचीवर ठेवायचं. चिपळूणकरांना जुलै २०२१ आठवतो. तळमजल्यावर ऑफिस असेल आणि मागचा पूर कमरेएवढा होता, तर कपाटाच्या वरच्या कप्प्यालाही फार भरवसा नाही. तिथे बाहेर ठेवलेली प्रतच तारते.

बंद लाकडी कपाटात कोंडू नका. या पेट्या साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा जातो, आणि रविवारी एसी बंद असलेल्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. कोकणात दमट हवेचा आणि पंख्यात शिरणाऱ्या पालींचा त्रास. पेटी भिंतीपासून चार बोटं लांब, जाळीच्या दाराच्या कपाटात ठेवावी.

विजेसाठी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळू नका. दोन डिस्कची पेटी जेमतेम वीस-तीस वॉट खाते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पेटी, राउटर आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या तारा जिथे जोडतात तो) तिघांना पुरतो. पण त्याला यूएसबीची डेटा तार हवी आणि ती पेटीला जोडलेली हवी. लाइट गेल्यावर पाच मिनिटांत पेटी स्वतः सगळं लिहून होऊन नीट बंद झाली पाहिजे, रात्री दोन वाजता बटण दाबायला कुणी येणार नाही. लावल्यावर मेन स्विच खाली करून हे एकदा डोळ्यांनी बघा. बॅटरीची तारीख मार्करने यूपीएसवरच लिहा. दोन-तीन वर्षांनी ती बदलावीच लागते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

नेटवर्कच्या तारा कॅट ६ प्रतीच्या, पेटी आणि कॉम्प्युटर एकाच गिगाबिट स्विचला. वायफायवरून नकाशे उघडण्याचा आग्रह धरू नका. गिगाबिटवर सेकंदाला सुमारे ११० एमबी मिळतात, शंभर मेगाबिटवर ११-१२. म्हणजे ५०० एमबीची फाइल एकीकडे पाच सेकंद, दुसरीकडे पाऊण मिनिट. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेल्या राउटरचे पोर्ट अनेकदा शंभरचेच असतात. आणखी एक खोड: गिगाबिटला तारेतल्या आठही वायरी लागतात. क्रिम्पिंग करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) एक सैल राहिली तर जोडणी मुकाट्याने शंभरवर उतरते आणि सगळे “सर्व्हर स्लो आहे” म्हणत बसतात. प्रत्येक कॉम्प्युटरवर लिंक स्पीड १००० दिसतोय का ते बघूनच कारागिराचे पैसे द्या.

पेटी लावण्याचा दिवस

आधी अपडेट, मग बाकी सगळं. फॅक्टरीतून आलेलं ‘ॲडमिन’ खातं बंद करून वेगळ्या नावाचं व्यवस्थापक खातं काढा, त्याला दुहेरी पडताळणी लावा. हे खातं रोजच्या कामाला कुणीही वापरायचं नाही, मालकांनीसुद्धा. त्यांच्याच कॉम्प्युटरवर व्हायरस आला, तर तो त्यांच्याच अधिकाराने फिरतो.

राउटरमध्ये पेटीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा तिचा क्रमांक) पक्का करा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि सकाळी कुणालाच फोल्डर सापडत नाही. तारीख-वेळ भारतीय प्रमाणवेळेवर. बिघाडाचा मेल दोघांना जाईल अशी सोय करा. एकट्याला जाणारा मेल वाचला जात नाही.

विंडोज नेटवर्कवर फाइली शेअर करते त्या एसएमबी पद्धतीची पहिली आवृत्ती बंद ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी-व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या खिंडारातून, आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच मार्चमध्ये दिलेली होती. जुनं स्कॅनर यंत्र या आवृत्तीशिवाय चालत नसेल, तर त्याला स्कॅन मेलने पाठवायला लावा, पण त्याच्यासाठी दार उघडं ठेवू नका. पासवर्डशिवाय येऊ देणारा ‘गेस्ट’ प्रवेशही बंद. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो यंत्रं तो तसाही नाकारतात.

घरून काम करायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडून पेटी थेट इंटरनेटवर आणू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणी-व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्या शोधून शोधून कुलूपबंद केल्या. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद मार्ग, लावा. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यांनाही टेलस्केल चालतं.

स्नॅपशॉट लगेच सुरू करा. दर तासाचा एक दिवसभरासाठी, रोजचा एक महिनाभर, आठवड्याचा एक तीन महिने. कुणी चुकून फाइल पुसली तर तासाभरापूर्वीची दोन मिनिटांत परत येते. स्नॅपशॉट फक्त वाचण्यापुरता असल्याने कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवरचा व्हायरस शेअरमार्गे त्याला हात लावू शकत नाही. महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ चालेल असंही लावा, त्यात सगळ्या नोंदी वाचून तपासल्या जातात.

बॅकअप

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक ऑफिसच्या बाहेर. हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो पाळण्याची साधी पद्धत अशी.

पेटी ही पहिली प्रत. दुसरी, दोन बाहेरच्या यूएसबी डिस्क. एकीवर ‘सम’, दुसरीवर ‘विषम’ असं लेबल. सम आठवड्यात पहिली पेटीला, विषम आठवड्यात दुसरी. जी जोडलेली नाही ती मालकांच्या घरी. जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत सापडू शकते, घरच्या कपाटातली नाही. दोन्ही एन्क्रिप्ट करा, कारण रिक्षात डिस्क विसरणं अगदी शक्य आहे. तिसरी प्रत क्लाउडवर, निदान चालू कामं आणि हिशोब यांची.

२०१९ च्या पुरानंतर एका ऑफिसात मला बोलावलं होतं. पेटी टेबलावर होती, ती पाण्यात गेली. त्यांच्याकडे बॅकअप होता, दर शुक्रवारी न चुकता घेतलेला. डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवर ओढला तेव्हा आधी गढूळ पाणी सांडलं, मग डिस्क दिसली. तिच्याभोवती प्लास्टिकची पिशवी काळजीपूर्वक गुंडाळलेली होती. ती पिशवी मी विसरू शकत नाही. म्हणून दुसरी प्रत कुठे राहते हे मी आता स्वतः जाऊन बघतो. दुसऱ्या इमारतीत, आणि जमल्यास नदीच्या त्याच काठावर नाही.

क्लाउडचा हिशोब आधी मांडा. १ टीबी वर चढवायला ४० मेगाबिटच्या अपलोडवर सव्वादोन दिवस-रात्र लागतात, आणि परत उतरवायलाही वेळ लागतोच. पहिल्यांदा चढवताना रात्री सात ते सकाळी नऊ अशी वेळ लावा, नाहीतर दिवसा ऑफिसचं इंटरनेट गुदमरतं. गुगल ड्राइव्हसारखं ‘सिंक’ म्हणजे बॅकअप नाही: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. जुन्या आवृत्त्या जपणारी, बॅकअपसाठीचीच सेवा घ्या. वर दिलेला कंपन्यांचा नियम तुम्हाला लागू असेल, तर सर्व्हर भारतात आहे ना हेही विचारा.

एन्क्रिप्शनची किल्ली, व्यवस्थापक खात्याचा पासवर्ड, क्लाउडचं खातं हे सगळं एका कागदावर लिहून, पाकीट सीलबंद करून मालकांच्या बँक लॉकरमध्ये. फक्त कॉम्प्युटरवाल्याच्या डोक्यात असलेला पासवर्ड तो आजारी पडला की कुणाच्याच कामाचा नाही. हे मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना माझ्याबद्दलच सांगतो.

जुना माल हलवणं

सगळं एका रात्रीत हलवू नका. आधी एकाच गटाचं, आमच्याकडे हिशोबाचं, आठवडाभर चालवून बघितलं. मग शनिवारी संध्याकाळी बाकीचं. फाइली ‘मूव्ह’ करू नका, ‘कॉपी’च करा. विंडोजमधलं रोबोकॉपी वापरलं तर कोणत्या फाइली अडल्या त्याची यादी मिळते. आमच्या यादीत ४१ फाइली निघाल्या, बहुतेक सगळ्या लांबलचक मराठी नावांच्या. दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. जुनी जागा महिनाभर फक्त वाचण्यापुरती ठेवा, मगच पुसा.

आणि सोमवारी सकाळी स्वतः हजर राहा. प्रत्येकाच्या शेजारी दहा मिनिटं बसून नवा ड्राइव्ह कुठे दिसतो, फाइल दुसऱ्याकडे उघडी असेल तर काय संदेश येतो, स्नॅपशॉटमधून स्वतःची फाइल परत कशी आणायची हे त्यांच्या हातांनी करवून घ्या. हे झालं नाही तर गुरुवारपर्यंत पेन ड्राइव्ह परत टेबलावर दिसतात.

परत आणून दाखवा

दर महिन्यात एका शनिवारी तीन फाइली निवडा: एक कालची, एक मागच्या महिन्यातली, एक दोन वर्षांपूर्वीची. एक स्नॅपशॉटमधून, एक यूएसबी डिस्कवरून, एक क्लाउडवरून परत आणा, उघडून बघा, लागलेला वेळ वहीत लिहा. वर्षातून एकदा असं धरा की पेटीच नाही, आणि फक्त बाहेरच्या प्रतीवरून एका लॅपटॉपवर चालू कामं उभी करा.

सांगलीच्या त्या ऑफिसात पहिल्या खेपेला घरून डिस्क आणली, जोडली, आणि तिची किल्ली कुणालाच आठवेना. पाकीट लॉकरमध्ये, लॉकर बँकेत, बँक त्या शनिवारी बंद. सोमवारी दुपारी साडेबाराला पहिला नकाशा उघडला. आम्ही दुसरं पाकीट तयार केलं आणि मॅडमच्या भावाच्या घरी, विश्रामबागेत ठेवलं. पुढच्या महिन्यात तीच कसरत पन्नास मिनिटांत झाली. वहीत तो आकडा मॅडमनी स्वतः लिहिला, आणि शेजारी पहिल्या कागदावरचं त्यांचंच वाक्य: दुपारपर्यंत काम सुरू झालंच पाहिजे.